दुसऱ्या टोकाच्या २१ धावा

रविवारच्या मिस्सानंतर बोरिवलीच्या आमच्या चर्चच्या आवारात चहाबरोबर क्रिकेटच्या गप्पा ठरलेल्याच. वादही ठरलेला: सर्वांत मोठा फलंदाज कोण?

तरुण मंडळी आकडे पुढे करतात. सचिन तेंडुलकर: २०० कसोटी, १५,९२१ धावा, ५१ शतके. शिवाय रोहित शर्मा आपल्या बोरिवलीत वाढलेला, एका वन-डेत २६४ धावा करणारा! ज्येष्ठ मंडळी विजय हजारे यांचे नाव घेतात. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. त्यामुळे आपला ओढा तिकडे थोडा जास्त, हे कबूल केलेले बरे. त्यांच्या कसोटी ३० आणि धावा २,१९२. आकड्यांपुढे ज्येष्ठ गप्प होतात.

पण सचिनला पहिली कसोटी सोळाव्या वर्षी मिळाली, हजारे यांना एकतिसाव्या. १९३६ नंतर १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. मधली सहा वर्षे महायुद्धानेच खाल्ली. ती मिळाली असती तर? आम्हांला वाटते, हा प्रश्न मोह पाडणारा आहे. न काढलेल्या धावा हजारे यांच्या नावावर मांडल्या, तर ज्याने २४ वर्षे खरोखर घाम गाळला त्या सचिनवर अन्याय होतो. आणि न मिळालेली संधी ही हजारे यांची उणीव म्हणून मोजली, तर त्यांच्यावर. मिळाले तेव्हा त्यांनी काय केले, एवढे मात्र पाहता येते: १९४८ साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध, हेल्मेटशिवाय, एकाच कसोटीत ११६ आणि १४५.

त्याहून आम्हांला आठवतो तो १९४३ चा ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा पंचरंगी सामना. तेव्हा संघ धर्मावरून पडत, आणि ख्रिस्ती खेळाडू ‘रेस्ट’ संघात असत. (ती स्पर्धा १९४६ साली बंद झाली, ते योग्यच झाले.) विजय मर्चंट यांनी हिंदू संघातर्फे नाबाद २५० केल्या. फॉलोऑन मिळालेल्या रेस्टच्या ३८७ धावांत एकट्या हजारे यांच्या ३०९! तरी सामना डावाने गेला.

त्या डावात हजारे यांनी भाऊ विवेक यांच्यासोबत ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांच्या धावा होत्या २१.

गेल्या रविवारी आमच्यातल्या एका आजोबांनी तरुणांना विचारले, “बाबांनो, तुमच्या मोठ्या फलंदाजांच्या यादीत हा विवेक कुठे बसतो? तो लवकर बाद झाला असता, तर ३०९ झाल्या असत्या का?” एकाने मोबाईल काढला, थोडा वेळ शोधले आणि परत खिशात ठेवला. दोघांना धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचा होता. ते जाताना एवढेच म्हणाले, “आजोबा, पुढच्या रविवारी सांगतो.”