दोष कोणाचा?

घरात मुलगा जन्मास येतो तेव्हा सर्व मंडळीस आनंद होतो. पाळकसाहेब जाऊन प्रार्थना करतात, पेढे वाटले जातात, बाळाचे कौतुक होते. मुलगा चालू लागतो, परंतु थोडा उशिरा. तीन-चार वर्षांचा झाला तरी पायऱ्या चढताना थकतो, धावताना पडतो, आणि जमिनीवरून उठावयाचे झाल्यास दोन्ही हात आपल्याच मांड्यांवर टेकीत टेकीत उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, म्हणून घरची माणसे म्हणतात, पोर धट्टेकट्टे आहे, आळशी आहे इतकेच. पुढे दहा-बारा वर्षांच्या सुमारास त्याचे चालणे थांबते. मग गावात एक प्रश्न फिरू लागतो, आणि बहुधा तो त्या मुलाच्या आईच्या दारापाशी येऊन उभा राहतो: हे कोणाच्या पापाचे फळ?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी रोगाची खरी हकीकत जाणून घेणे अवश्य आहे. कारण अज्ञानातून उच्चारलेला निवाडा हा खोट्या साक्षीहून फारसा निराळा नसतो. ह्या रोगास ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असे म्हणतात. एडवर्ड मेर्यन नामक इंग्रज डॉक्टराने 1852 साली एकाच घरच्या अनेक मुलग्यांस झालेला हा रोग वर्णिला. पुढे 1868 साली फ्रान्समधील ड्युशेन ह्यांनी त्याचे सविस्तर विवेचन केले, व त्यांचेच नाव त्यास राहिले. सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकास तो होतो. स्नायू हळूहळू झिजत जातात, शेवटी श्वासाचे व हृदयाचेही.

आमच्या देहातील प्रत्येक पेशीत देहाच्या घडणीचा लेख असतो. त्या लेखाच्या ज्या भागास एक्स गुणसूत्र म्हणतात, त्यात डिस्ट्रोफिन नावाचे द्रव्य तयार करण्याची आज्ञा आहे. हे द्रव्य स्नायूंच्या तंतूंस बळकटी देते. ही आज्ञा फार लांब, सुमारे 22 लाख अक्षरांची आहे. मनुष्याच्या सर्वांत लांब जनुकांपैकी हे एक आहे. छापखान्यात खिळे जुळविताना जुळाऱ्याच्या हातून मधल्या काही ओळी गळाव्या, त्याप्रमाणे कधी कधी ह्या आज्ञेचा एखादा तुकडा गळून जातो. ह्या रोगाच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांत असेच घडलेले असते. हा लेख तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनी वाचला जातो. गळालेला भाग पुरत्या शब्दांचा असेल, तर उरलेला मजकूर कसाबसा लागतो व रोग सौम्य राहतो. तो तसा नसेल, तर पुढचा सारा मजकूर निरर्थक होतो.

आता आईकडे बोट का दाखविले जाते ते पाहू. स्त्रीस दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषास एकच. स्त्रीच्या एका गुणसूत्रात उणीव असली तरी दुसरे बहुधा निभावून नेते. मुलग्यास दुसरे नसल्याने तो रोगी होतो. मुलग्यास त्याचे एक्स नेहमी आईकडूनच मिळते. म्हणून अशी उणीव वाहणाऱ्या स्त्रीस प्रत्येक गरोदरपणी, मुलगा झाल्यास तो रोगी असण्याचा संभव निम्मा, आणि मुलगी झाल्यास ती आईप्रमाणे वाहक असण्याचा संभवही निम्माच. पहिला मुलगा रोगी झाला म्हणून दुसरा सुटला, असा हिशेब येथे चालत नाही.

परंतु ती उणीव आईने आणिली असे म्हणणे किती अन्यायाचे आहे! साधारण तीन मुलांपैकी एकाच्या बाबतीत ती आईच्या रक्तातही सापडत नाही. ती नव्यानेच उत्पन्न झालेली असते. उरलेल्यांत आईस ती जन्मतःच मिळालेली असते, जसा तिला तिचा वर्ण व तिचे डोळे मिळाले. मामाची मुलगी केल्याने हा रोग होतो असेही काही लोक म्हणतात. नात्यातील लग्नांनी दुसरे काही आनुवंशिक रोग वाढतात हे खरे. पण ह्या रोगाचे कारण ते नव्हे. निरोगी मामापासून त्याच्या मुलीस निरोगीच एक्स मिळते. शिवाय आम्हां प्रत्येकाच्या लेखात आईबापांत नसलेले असे पन्नासांहून अधिक नवे फेरफार जन्मतःच असतात. ते बहुधा निरुपद्रवी जागी पडले म्हणून आम्ही सुखाने चालतो. ह्यात आमचे पुण्य नाही. मग त्या मातेचे पाप कोठून आले?

कोणी म्हणेल की, आज्ञापटांत वडिलांच्या अन्यायाचे शासन मुलांपर्यंत पोहोचते असे सांगितले नाही काय? आम्ही हा आक्षेप टाळू इच्छीत नाही. दारूबाज बापाची मुले उपाशी राहतात. वडिलांच्या वागणुकीचे परिणाम मुलांस भोगावे लागतात हे रोज दिसते. परंतु परिणाम निराळा आणि अपराध निराळा. आंबट द्राक्षांची म्हण इस्राएलात पुन्हा चालू नये, असे यहेज्केल संदेष्ट्याने त्याच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले. आणि ह्या रोगात तर वागणुकीचा संबंधच नाही. साध्वीच्या व कुलटेच्या घरी तो सारखाच येतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारिला, व प्रभूने त्या मनुष्यावरचा आणि त्याच्या आईबापांवरचा आरोप तेथेच काढून टाकिला. त्याने वाद वाढविला नाही. माती कालविली आणि कामास लागला. त्या प्रसंगी तो देवाच्या कार्याविषयी जे बोलला, ते रडणाऱ्या आईच्या तोंडावर समाधान म्हणून फेकण्याचा मात्र आम्हांस अधिकार नाही. तो बोलला आणि त्याने डोळेही दिले. आम्ही नुसतेच बोलतो.

तर मग दोष नाही म्हणून कर्तव्यही नाही, असे समजावे काय? येथेच आमच्या मते ह्या विषयाचा खरा मर्म आहे. ज्या स्त्रीस आपण वाहक आहो असे कळले, तिच्या बहिणी आणि भाच्या त्याच वाटेवर असू शकतात. त्यांस वेळीच कळले, तर त्या तपासणी करून घेतील, लग्नाचा व संततीचा विचार डोळे उघडे ठेवून करतील, आणि स्वतःच्या हृदयाचीही परीक्षा करवितील. कारण काही वाहक स्त्रियांच्या हृदयासही ह्या उणिवेने अपाय होतो. असे असता हे सत्य दडविणे बरे नव्हे. पण ते का दडविले जाते? धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल, सासरी टोमणे बसतील, मंडळीत बायका बाजूस सरकून बसतील, ह्या भयाने. म्हणजे आम्ही जो खोटा दोष लावतो, त्याच्या भीतीनेच खरे ज्ञान घरात कोंडून राहते, आणि काही वर्षांनी दुसऱ्या घरी दुसरी आई तेच दुःख अजाणता उचलते. त्या मौनाचा जाब विचारावयाचा झाल्यास तो प्रथम आम्हां टोमणे मारणाऱ्यांसच विचारावा लागेल. सत्य सांगणे हे त्या स्त्रीचे कर्तव्य खरे. परंतु ते सांगता येईल अशी मंडळी असणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि ते आधीचे आहे.

ह्यावरून कोणी पाळकाने अशा घराचे नाव व्यासपीठावरून प्रार्थनेत घ्यावे, असे आम्ही सुचवीत नाही. आपली गोष्ट कोणास, केव्हा सांगावी हे त्या स्त्रीनेच ठरवावे. बहिणीच्या घरी जाताना सोबत हवी असल्यास पाळकीणबाईंनी जावे.

आणखी दोन गोष्टी. ह्या रोगाचा समूळ नाश करणारे औषध अद्याप हाती नाही. तथापि स्टिरॉइड औषधांनी चालणे काही वर्षे अधिक टिकते, आणि श्वासाची व हृदयाची काळजी घेतल्यास, पूर्वी जे विशीच्या आसपास जात त्यांतील पुष्कळ आता तिशी पाहतात. ही औषधे एकाएकी थांबविणे धोक्याचे असते. म्हणून जो उपदेशक विश्वासाच्या नावाने औषध बंद करावयास सांगतो, त्याचे ऐकू नये. देव प्रार्थना ऐकतो, आणि डॉक्टरही त्याचेच दान आहे. दुसरे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ह्या रोगाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचा दाखला मिळवून देण्यास मंडळीतील शिकल्यासवरल्या तरुणांनी घरच्यांबरोबर सरकारी रुग्णालयात हेलपाटे घालावे.

आणि देवळाच्या पायऱ्यांकडे एकदा पाहावे. चार पायऱ्यांमुळे एक मुलगा शब्बाथशाळेस येत नसेल, तर चार पोती सिमेंटाने ते काम होईल. कफर्णहूमात चौघांनी छप्पर उसकले होते. आम्हांस तर नुसता उतार बांधावयाचा आहे. त्या उतारावरून तो मुलगा आत यावा, त्याच्यामागून त्याची आई मान वर करून यावी, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी नसावी, अशी बुद्धी देव आम्हां सर्वांस देवो.