कालव्याच्या टोकाशी

१९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर जे स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले, त्यांना उघडण्यासाठी कोणा अंमलदाराच्या हुकुमाची किंवा कोणा चौकीदाराच्या हातांची आवश्यकता नव्हती. तलावाचे पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत चढले की ते आपोआप उघडत आणि पाणी उतरले की आपोआप मिटत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची ही योजना होती, आणि धरणाची उंची न वाढविता तलावात अधिक पाणी साठवावे, पण पुराचा भार मात्र भिंतीवर पडू देऊ नये, एवढाच तिचा माफक हेतू होता. यंत्रांनी यंत्रांशी बोलावे, एकाने पाहिलेले दुसऱ्याने जाणावे आणि माणसाने विचारण्यापूर्वीच निर्णय होऊन जावा, अशा जगद्व्यापी बुद्धिमान जाळ्याची चर्चा आज जिथे तिथे ऐकू येते, तेव्हा मला प्रथम आठवतात ते हे दरवाजे. त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती. पण ती त्यांना जागच्या जागी, पाण्याच्या प्रत्यक्ष स्पर्शाने ठाऊक होती, आणि जेवढे ठाऊक होते तेवढेच करण्याचा अधिकार त्यांना दिलेला होता. ज्ञान आणि अधिकार यांची इतकी चोख सांगड नंतरच्या कोणत्याही यंत्रात मला आढळली नाही.

परंतु दरवाजे हे जाळ्याचे एक टोक. जाळ्याची कल्पना या भूमीत रुजली ती त्यापूर्वी, १८६९ मध्ये कर्नल फाइफ यांच्या पुढाकाराने मुठा नदीवर याच दगडी धरणाचे काम सुरू होऊन दशकभरात ते उभे राहिले आणि त्याच्यापासून निघालेले कालवे पुण्याला वळसा घालीत पूर्वेकडच्या कोरडवाहू मुलखाकडे गेले, तेव्हा. कालवा म्हणजे नुसता खणलेला चर नव्हे. कालव्याची वितरिका, वितरिकेची चारी, चारीची पोटचारी आणि पोटचारीच्या काठी उभा असलेला शेतकरी, अशी ती उतरंड असते. तिच्यातून पाणी वाहते त्याप्रमाणे कागदही वाहतो. शेतकऱ्याचा पाणीअर्ज, त्यावरचा मंजुरीचा शेरा, पाटकऱ्याची नोंद, आवर्तनाची तारीख, आणि कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी हे सांगणारी शेजपाळीची यादी, या साऱ्यांवाचून कालवा कोरडाच. महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांच्या व्यवहारात एक दंडक फार शहाणपणाचा आहे: पाळी द्यावयाची ती टोकाकडून सुरू करून मुखाकडे यावयाचे, कारण मुखाशी असलेला आपले पाणी केव्हाही घेऊ शकतो, टोकाशी असलेल्याला मात्र नियमाचाच आधार. शेतकरी त्या टोकाला ‘टेल’ म्हणतो. दंडक नेहमी पाळला जातो असे नाही, आणि टेलच्या शेतकऱ्याची तक्रार कालव्याइतकीच जुनी आहे. तरीही जाळ्याचा कस टोकाशी लागतो, हे ज्यांनी ओळखले त्यांना मी द्रष्टे म्हणेन.

या कल्पनेला पुढचे वळण मिळाले तेही इथेच. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी जे लहानसे संशोधन-केंद्र सुरू केले, ते पुढे खडकवासल्याला आले आणि सर क्लॉड इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांच्या हाताखाली वाढत वाढत आजचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाले. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या या जागेत तलावाचे पाणी आपल्याच उताराने प्रतिकृतींमधून खेळविता येते. नद्या, बंदरे, सांडवे यांच्या लहान प्रमाणातील आकृती अंगणात मांडावयाच्या, त्यांतून पाणी सोडावयाचे आणि उद्याचा पूर आज पाहावयाचा, ही विद्या मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. तिच्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तिची एक शिस्त: प्रतिकृतीला भविष्य विचारण्यापूर्वी भूतकाळ विचारावयाचा. प्रत्यक्ष नदीत होऊन गेलेल्या पुराची मोजमापे हाती घ्यावयाची, तोच पूर प्रतिकृतीत सोडावयाचा, आणि पाण्याने तीच पातळी गाठली, गाळ तिथेच बसला, तरच पुढचा प्रश्न. जी प्रतिकृती घडून गेलेले खरे सांगू शकत नाही, तिला घडणाऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही.

या काळात जगात अन्यत्र विचारवंत निराळ्याच वाटेने त्याच कल्पनेकडे येत होते. आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस विभाग सिद्ध करून सर्व विद्या मराठीत एकत्र आणण्याचा जो अचाट उद्योग केला, त्यामागे संचयाची कल्पना होती: ज्ञान एका ठिकाणी गोळा व्हावे. एच. जी. वेल्स यांनी १९३८ मध्ये साऱ्या जगाच्या एका सामायिक मेंदूचे स्वप्न मांडले. १९४५ मध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी संचयापेक्षा सांधा महत्त्वाचा मानला. एका कागदावरून दुसऱ्यावर नेणारी, वाचकाने स्वतः आखलेली पायवाट त्यांना हवी होती. १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ती पायवाट संगणकांवर उतरविण्याची योजना मांडली, आणि २००१ मध्ये त्यांनीच आपल्या सहकाऱ्यांसह पुढची अपेक्षा जाहीर केली, की मजकुराचा अर्थ यंत्रालाही कळावा, म्हणजे यंत्रे आपसांत बोलून माणसाची कामे मार्गी लावतील. संचय, सांधा, अर्थ, अशी ही चढती पायरी आहे. गेल्या काही वर्षांत मात्र एक अनपेक्षित गोष्ट घडली. अर्थ नेमका लिहून ठेवण्याच्या कष्टाला बगल देऊन, अफाट मजकूर वाचून त्यातील शब्दांची संगती शिकणारी आणि त्या संगतीच्या बळावर पुढचे वाक्य रचणारी यंत्रे आली. त्यांचे सामर्थ्य खरे आहे, आणि ते नाकारणे हा मला करंटेपणा वाटतो. परंतु त्यांच्याविषयी खडकवासल्याच्या अंगणातला प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही: यांनी होऊन गेलेला पूर खरा दाखविला आहे काय?

होऊन गेलेल्या पुराचा उल्लेख येथे केवळ दृष्टांतासाठी नाही. १२ जुलै १९६१ रोजी अंबी नदीवरील पानशेतचे धरण, ज्याचे काम अद्याप पुरते झालेले नव्हते, सकाळी फुटले. त्याचे पाणी खालच्या खडकवासल्यावर आले आणि ऐंशी वर्षे उभी असलेली ती दगडी भिंतही त्याच दिवशी भंगली. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले, हजारो कुटुंबांचे संसार वाहून गेले, आणि त्या विस्थापितांसाठी पुढे ज्या वसाहती झाल्या त्यांतील गोखलेनगर व लोकमान्यनगर ही नावे पुण्यात आज कोणीही सहज घेतो, त्यांच्यामागचा दिवस न आठवता. स्वतःच्या तलावाची पातळी तेवढी ओळखणारा दरवाजा कितीही चोख असला, तरी वरच्या खोऱ्यात काय घडले हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आणि ज्या शहराला ते कळायला हवे होते, तिथे अनेकांपर्यंत बातमी पोहोचली ती तोंडोतोंडी, कोणी विश्वास ठेवला, कोणी ठेवला नाही, अशा अवस्थेत. दोन धरणे एका प्रवाहात गुंफली गेली तेव्हा त्यांचे बळ जोडले गेले, त्याचप्रमाणे त्यांचे अपघातही जोडले गेले. पाण्याने आपला मार्ग बरोबर शोधला; वार्तेला तो सापडला नाही.

आज पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे, त्यांपैकी खडकवासल्याच्या वाट्याला जेमतेम दोन. आणि तरीही वरच्या तिघांचे पाणी पुण्याकडे यावयाचे ते या सर्वांत लहान तलावातून. पावसाळ्यात किती क्युसेक विसर्ग सोडला याचा आकडा घटकेत लाखो मोबाइलवर उमटतो. जाळे इतके दाट झाले की १९६१ ची पुनरावृत्ती अशक्य, असे कोणालाही वाटावे. पण २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत ते शिरले, तेव्हा तिथल्या रहिवाशांचे सांगणे हेच होते की सूचना वेळेवर आम्हांपर्यंत आली नाही. आकडा होता, यंत्रे होती, संदेश पाठविण्याची साधने प्रत्येकाच्या उशाशी होती. पण पस्तीस हजार क्युसेक म्हणजे माझ्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी, हे झोपलेल्या माणसाला त्याच्या शब्दांत सांगणारे कोणी नव्हते. साठ वर्षांत वार्तेचा वेग सहस्रपटीने वाढला आणि टेलची तक्रार मात्र तीच राहिली, या एका गोष्टीने मी जितका अस्वस्थ होतो तितका यंत्रांच्या कोणत्याही भावी पराक्रमाच्या वर्णनाने होत नाही.

उद्याचे जाळे याहून दाट असेल. पर्जन्यमापक स्वतः धरणाशी बोलतील, धरण शहराशी, आणि मधले निर्णय यंत्रे घेतील; ते थांबविता येणार नाही, आणि थांबवावे असेही मला वाटत नाही. माझी चिंता दुसरी आहे. शब्दांची संगती शिकणारे हे यंत्र मजकुरावर जगते, आणि महाजालावरील मजकुरापैकी जवळपास निम्मा एकट्या इंग्रजीत आहे. २०११ च्या जनगणनेत ज्या भाषेचे भाषक आठ कोटींहून अधिक नोंदले गेले, त्या मराठीचा वाटा मात्र एका टक्क्याच्याही लहानशा अंशाइतका. म्हणजे ज्ञानाच्या या महाकालव्यावर आपण टेलला आहोत. दौंडकडच्या एखाद्या शेतकऱ्याने उद्या या यंत्राला आपल्या आवर्तनाविषयी विचारले, तर जिथे मजकूर विरळ आहे तिथे ते अडखळेलच असे नाही. तितक्याच सफाईने ते दुसऱ्या मुलखाचे ज्ञान आणून त्याच्या चारीत सोडील. शेजपाळी हा शब्द ज्यांनी घडविला आणि राबविला, त्यांचे ज्ञान अद्याप पुष्कळसे दफ्तरांतल्या फायलींत, पाटकऱ्यांच्या वह्यांत आणि निवृत्त कालवा-निरीक्षकांच्या स्मरणात आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील कागद कोट्यवधी आहेत, आणि जो कागद वाचून उतरविला गेला नाही तो या नव्या बुद्धीच्या लेखी अस्तित्वातच नाही.

कालव्यात पाणी मुखाकडूनच येते, हा निसर्गाचा नियम आहे. ज्ञानाच्या जाळ्याला तो लागू नाही, आणि जाळ्याची कल्पना कालव्याहून श्रेष्ठ ठरते ती याच एका कारणाने. येथे टोकाशी असलेलाही वरच्याला पाणी देऊ शकतो. मात्र त्यासाठी टोकाशी काहीतरी साठविलेले असावे लागते, आणि ते साठविण्याचे काम सरकारी खाते, विद्यापीठ किंवा परदेशातील एखादी धनाढ्य कंपनी आपल्या वतीने करील, या भरवशावर बसणे म्हणजे मुखाकडच्या शेतकऱ्याच्या दयेवर पीक घेणे होय. केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ती वाट पाहिली नाही.

१९६१ चा पूर ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ज्यांना तो आठवतो, ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. पाणी कोणत्या ओट्यापर्यंत आले, बातमी प्रथम कोणी आणली, कोणावर विश्वास बसला आणि का बसला, हे अजून त्यांच्यापाशी आहे. आपल्या घरात, शेजारात असे कोणी असेल, पाटबंधारे खात्यात आयुष्य घालविलेले कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा, त्यांच्याच शब्दांत, मराठीत, तारीख आणि जागा यांसह सारे लिहून घ्या, आणि सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवा. हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू करा.