गेट कोणी बंद केलं?

१८ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेत टिकटॉक बंद झालं. अ‍ॅप उघडलं की व्हिडिओंच्या जागी एक निवेदन दिसे. बंदी घालणारा कायदा झाल्यामुळे टिकटॉक तूर्त वापरता येणार नाही, मात्र ट्रम्प यांनी तोडगा काढायची तयारी दाखवली आहे हे आपलं भाग्य, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ परत आले. पडद्यावर पुन्हा त्याच नेत्याचं नाव होतं, या खेपेला आभारांसह.

आपल्याकडे टिकटॉक २०२० च्या जूनमध्येच बंद झाल्यामुळे हा पडदा आपण पाहिला नाही. त्याच्याबद्दलची एक तुलना मात्र मी तेव्हापासून अनेकदा ऐकली आहे. त्याच्या तेरा वर्षं आधी याच तारखेला विकिपीडियाने स्वतःला अंधारात ठेवून अमेरिकेतलं एक विधेयक रोखलं होतं. टिकटॉकने तोच मार्ग धरला. इंटरनेटच्या कायद्यांविरुद्ध वेबसाइटींच्या हाती असलेलं हे एकमेव हत्यार आहे, वगैरे. ही तुलना मला चुकीची वाटते, आणि निरुपद्रवी तर मुळीच वाटत नाही. पडदा काळा करणं हा निषेधाचा रास्त मार्ग आहे, असं मी मानतो. म्हणूनच कोणत्याही काळ्या पडद्याला निषेध म्हटलेलं मला खटकतं.

या कल्पनेची सुरुवात अगदी साधी होती. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. त्यातल्या एका भागाने इंटरनेटवरचा ‘असभ्य’ मजकूर गुन्हा ठरवला होता. निषेध म्हणून असंख्य वेबसाइटींनी अठ्ठेचाळीस तास आपल्या पानांची पार्श्वभूमी काळी केली. काळ्यावर पांढरी अक्षरं. वाचायला सगळं होतं, काहीही बंद नव्हतं. दंडाला काळी फीत बांधून कामावर जावं, तसा तो प्रकार होता. पुढे जून १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला, तो घटनेच्या आधारावर. काळ्या पानांमुळे नव्हे. २००९ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमाविरुद्ध लोकांनी आपापली प्रोफाइल चित्रं काळी केली, तेही याच जातीचं.

काळा रंग आणि काळोख यांतलं अंतर ओलांडलं ते इटालियन विकिपीडियाने, ऑक्टोबर २०११ मध्ये. तिथल्या संसदेपुढच्या विधेयकात एक कलम होतं: एखाद्याला आपल्याबद्दलचा मजकूर बदनामीकारक वाटला, तर त्याने पाठवलेला खुलासा वेबसाइटने अठ्ठेचाळीस तासांत जसाच्या तसा छापायचा. मजकूर खरा की खोटा, हे न्यायालयाने तपासण्याची गरज नाही. खुलं संपादन हाच ज्याचा पाया, त्या ज्ञानकोशाला हे कलम जगू देणार नव्हतं. तिथल्या स्वयंसेवक संपादकांनी आपापसांत चर्चा केली आणि सगळी पानं झाकली. कायद्यानंतर काय उरेल, ते त्यांनी कायद्याआधीच दाखवलं.

मग आलं २०१२. हे प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते सगळ्यांनी ते चुकीचं वाचलं आहे.

सोपा आणि पिपा ही दोन विधेयकं चाचेगिरी करणाऱ्या परदेशी वेबसाइटींविरुद्ध होती, निदान तसं सांगितलं जात होतं. अशा वेबसाइटींचे पत्ते इंटरनेटच्या नोंदीतच अडवायचे, सर्च इंजिनांनी त्यांचे दुवे काढायचे, पैसे पोहोचवणाऱ्या आणि जाहिराती देणाऱ्या कंपन्यांनी संबंध तोडायचे, असा त्यांचा आराखडा होता. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास झाकला गेला. दोनच दिवसांत दोन्ही विधेयकं बाजूला पडली. यातून निघालेला आणि अजून शिकवला जाणारा धडा असा: ज्याच्याकडे कोट्यवधी वाचक आहेत, त्याने दिवा मालवला की संसद झुकते.

पण घटनांचा क्रम नीट पाहा. नोव्हेंबरमध्येच टम्ब्लरने आपल्या वापरकर्त्यांसमोर विधेयकाचा प्रश्न मांडला होता आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत हजारो फोन गेले होते. १३ जानेवारीला सोपाचे कर्ते लामार स्मिथ यांनी पत्ते अडवण्याची तरतूद मागे घेण्याची तयारी दाखवली. १४ जानेवारीला व्हाइट हाउसने आपले आक्षेप जाहीर केले. विधेयक आधीच डळमळत होतं. अंधाराने त्याला शेवटचा धक्का दिला, आणि तोही अंधार म्हणून नव्हे. त्या काळ्या पानावर एक छोटी चौकट होती. तिच्यात आपला पिनकोड टाकला की आपल्या लोकप्रतिनिधीचा पत्ता मिळे. ते पान सोळा कोटींहून अधिक वेळा उघडलं गेलं आणि ऐंशी लाखांहून अधिक वेळा लोकांनी आपला प्रतिनिधी शोधला. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या मोजणीनुसार १८ तारखेला विधेयकांच्या बाजूने जाहीरपणे ८० सदस्य होते आणि विरोधात ३१. दुसऱ्या दिवशी बाजूने ६५ आणि विरोधात १०१. ही फिरवाफिरव फोनांमुळे झाली. विकिपीडियाने सरकारशी सौदा केला नाही. त्याने वाचकाला त्याच्या प्रतिनिधीच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. आत जाऊन काय बोलायचं, ते वाचकानेच ठरवायचं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कुलूप लावणारे हात कोणाचे होते? हा निर्णय कोणा संचालक मंडळाचा नव्हता. तीन दिवस चाललेल्या उघड चर्चेत अठराशेहून अधिक संपादकांनी भाग घेतला, आणि त्यातला शब्दन् शब्द आजही कोणालाही वाचता येतो. तटस्थतेचं व्रत घेतलेल्या ज्ञानकोशाने राजकारणात उतरावं का, हा आक्षेप तिथे ठासून मांडला गेला. त्यावर दिलं गेलेलं उत्तर मला पटतं. लेख तटस्थ असले, तरी असे लेख असू शकणं ही तटस्थ बाब नाही. त्यासाठी विशिष्ट प्रकारचा कायदा आणि विशिष्ट प्रकारचं स्वातंत्र्य लागतं. ज्यांनी विनामोबदला पानं लिहिली, त्यांनीच ती एका दिवसापुरती मिटली. कधी उघडणार, ते आधीच सांगितलं होतं. मोबाइलवर ज्ञानकोश उघडत होता, आणि ज्या विधेयकांमुळे हे घडलं त्यांच्यावरचे लेखही उघडे ठेवले होते.

त्या दिवसाची एक बाजू मात्र लंगडी होती. आपल्याकडे हा काळोख सकाळी साडेदहाला सुरू झाला. एका लेखासाठी सन तपासायला मी पुण्यात विकिपीडिया उघडला आणि ते पान समोर आलं. माझ्याकडे अमेरिकेचा पिनकोड नव्हता. अंधार फक्त अमेरिकेपुरता ठेवावा की जगभर, यावर संपादकांतही मोठी फूट होती, आणि जगभरच्या बाजूचं पारडं थोडंसंच जड ठरलं. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याची गैरसोय करून काय साधतं, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. मी तो दिवस न्याय्य मानतो, तो ही उणीव जमेस धरूनच.

त्या निषेधावर सर्वांत कडक टीका केली होती क्रिस डॉड यांनी. माजी सिनेटर आणि तेव्हा हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या संघटनेचे प्रमुख. तंत्रज्ञान कंपन्या आपल्या सत्तेचा गैरवापर करत आहेत, आपल्याच वापरकर्त्यांना प्यादी बनवत आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा त्यांना झोडपलं गेलं. आज वाटतं, त्यांचा आक्षेप खरा होता, फक्त चुकीच्या पत्त्यावर गेला. स्वयंसेवकांच्या ज्ञानकोशाला तो लागू पडत नव्हता. नऊ वर्षांनी मात्र तो तंतोतंत लागू पडला.

१८ जानेवारी ही तारीख मुंबईच्या स्मरणात वेगळ्या कारणाने आहे. १९८२ साली याच दिवशी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तारखांच्या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण गिरणगावाकडून एक समज घेण्यासारखी आहे. गिरणीचं बंद गेट रस्त्यावरून बघणाऱ्याला सारखंच दिसतं. कामगारांनी काम थांबवलं तर तो संप, मालकाने गेटाला कुलूप घातलं तर ती टाळेबंदी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेही या दोहोंच्या व्याख्या वेगवेगळ्या केल्या होत्या. ज्याच्या हाती फक्त आपले श्रम आहेत, तो ते थांबवतो तेव्हा स्वतःची चूल पणाला लावतो. मालक कुलूप लावतो तेव्हा पणाला लागते ती दुसऱ्याची चूल. हरताळ या शब्दातही हेच आहे. हाट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप. दुकानदाराने स्वतःच्या दुकानाला लावलेलं. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध देशभर झालेल्या हरताळाचं नैतिक बळ तिथून आलं होतं.

आता फेब्रुवारी २०२१ मधलं ऑस्ट्रेलिया पाहा. बातम्यांसाठी वृत्तसंस्थांना मोबदला द्यायला लावणारा कायदा होऊ घातला होता. १८ तारखेच्या सकाळी तिथल्या लोकांच्या फेसबुकवरून बातम्या नाहीशा झाल्या. त्यांच्यासोबत हवामान खात्याचं पान, राज्यांच्या आरोग्य विभागांची पानं आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांची पानंही गेली. कोविडची लस सुरू व्हायला मोजके दिवस उरले होते. हे मुद्दाम झाल्याचा आरोप पुढे झाला आणि कंपनीने तो नाकारला. तो वाद मी सोडून देतो. पाच दिवसांत सरकारने कायद्यात बदल मान्य केले आणि कंपनीने बातम्या परत आणण्याची घोषणा केली. हा सौदा दोघांत झाला. नागरिकाच्या हाती ना चौकट होती, ना पत्ता, ना प्रश्न.

कॅनडात हेच अधिक लांबलं. जून २०२३ मध्ये तसाच कायदा झाला आणि १ ऑगस्टपासून फेसबुक चालवणाऱ्या मेटाने तिथे फेसबुक व इन्स्टाग्रामवरच्या बातम्या बंद करायला घेतल्या. त्याच महिन्याच्या मध्यावर वणव्यांमुळे येलोनाइफ हे सुमारे वीस हजार वस्तीचं शहर रिकामं करण्याचा आदेश निघाला. कोणता रस्ता उघडा आहे याची बातमी एकमेकांना पाठवू पाहणाऱ्यांच्या फेसबुकवर ती बातमी चढत नव्हती.

यावर एक उत्तर दिलं जातं आणि त्यात तथ्य आहे. दुवा देण्याबद्दल पैसे मागणारा कायदाच सदोष असेल, तर दुवे न देण्याचा हक्क कंपनीला असायला हवा. असू द्या. किंमत परवडत नाही म्हणून माल न ठेवणं हा व्यापारी निर्णय आहे आणि तो घेण्याला माझी हरकत नाही. पण त्या बातम्या फेसबुकने लिहिल्या नव्हत्या. त्याने स्वतःचं दुकान मिटलं नाही. दुसऱ्यांच्या दुकानांकडे जाणारा रस्ता अडवला आणि आपली जाहिरातींची पेठ चालूच ठेवली. याला निषेध म्हणायचं, तर त्या शब्दात काही उरत नाही.

२०१२ च्या चुकीच्या वाचनाची मुळं इथपर्यंत येतात. तो दिवस यशामुळे लक्षात राहिला, आणि यश हीच न्याय्यतेची खूण ठरली. खरं तर अनेक न्याय्य काळोख हरले आहेत. जुलै २०१२ मध्ये रशियन विकिपीडियाने वेबसाइटींची काळी यादी करणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवस पानं झाकली. ते त्याच महिन्यात कायदा झालं. २१ मार्च २०१९ रोजी जर्मन, चेक, डॅनिश आणि स्लोव्हाक विकिपीडिया युरोपच्या कॉपीराइट निर्देशाविरुद्ध बंद राहिले; पाच दिवसांनी युरोपीय संसदेने तो ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर केला. हरलेल्यांची रीत तीच होती: आपलं स्वतःचं काम, उघड चर्चा, ठरलेली मुदत. हरूनही ती पानं दुसऱ्या दिवशी वेळेवर उघडली. जिंकेपर्यंत कुलूप न काढणाऱ्याने मुळात निषेध केलेलाच नसतो.

टिकटॉकची अडचण खरी होती, हे मान्य. बंदी त्यांनी ओढवून घेतलेली नव्हती, आणि कायदा लागू झाल्यावर त्यांना सेवा पुरवणाऱ्यांवर मोठ्या दंडाची टांगती तलवार होती. त्या कायद्याविरुद्ध बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण ज्या क्षणी सतरा कोटी लोक त्या पडद्याकडे पाहत होते, त्या क्षणी त्यांना नागरिक म्हणून काही करायला सांगितलं गेलं नाही. एका नेत्याची वाट पाहायला सांगितलं गेलं.

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात व्हॉट्सअ‍ॅपच्या वकिलांनी सांगितलं की, संदेश मुळात कोणी पाठवला हे शोधून देण्यासाठी एन्क्रिप्शन मोडायला लावलं, तर व्हॉट्सअ‍ॅप इथून जाईल. सरकारचा तो नियम मलाही नको आहे. माझी खासगी पत्रं कोणी चाळू नयेत असंच मला वाटतं. तरी उद्या खरोखर ते हिरवं चिन्ह दाबल्यावर काळा पडदा समोर आला, तर मी टाळ्या वाजवण्याआधी विचारीन: हे किती दिवस? हे ठरवताना कोणाला विचारलं? मी माझ्या खासदाराला लिहावं असं तुम्हाला वाटतं, की मी घाबरावं असं वाटतं? सरकारने इंटरनेट तोडलं तर आदेश जाहीर झाला पाहिजे आणि तो बेमुदत असता कामा नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या संदर्भात बजावलं आहे. सत्तेच्या काळोखाकडून आपण जे मागतो, त्याहून कमी मी कंपनीच्या काळोखाकडून मागणार नाही, मग ती माझ्या बाजूने भांडत असली तरी.