वर्गातले थोरले भाऊ

प्रेमचंदांची 'बड़े भाई साहब' ही कथा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या हिंदी 'ब' अभ्यासक्रमात, 'स्पर्श' या पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या भागात, अनेक वर्षं शिकवली गेली आहे. भोपाळमधल्या मराठी घरांतली मुलंही ती हिंदीतूनच वाचतात. वसतिगृहात राहणारे दोन भाऊ, एक नऊ वर्षांचा, दुसरा चौदाचा. थोरला सदैव पुस्तक उघडून बसलेला आणि तरी नापास, कथा सांगणारा धाकटा हुंदडणारा आणि तरी पास. दोघांमधलं तीन इयत्तांचं अंतर घटत घटत एकावर येतं. बोर्डाच्या परीक्षेला सामोऱ्या जाणाऱ्या मुलामुलींना ही कथा परकी वाटणं शक्यच नाही.

पण वर्गात बहुतेकदा काय होतं? फळ्यावर थोरल्याची स्वभाववैशिष्ट्यं येतात आणि त्यांखाली तात्पर्य, की पुस्तकी ज्ञानापेक्षा अनुभव मोठा. वहीत तेच उतरतं, उत्तरपत्रिकेतही तेच. वास्तविक हा युक्तिवाद थोरल्या भावाचा आहे. धाकटा आपल्याला गाठत चाललाय हे दिसत असताना केलेला, चौदाव्या वर्षी सुरू झालेल्या एका धास्तीचा तो बचाव आहे. लेखकाचा निकाल म्हणून तो मुलांच्या हाती देणं मला चुकीचं वाटतं.

शिवाय उपदेशाने काय साधतं, हेही कथेतच आहे. भावाची बोलणी खाऊन धाकटा वेळापत्रक आखतो. सकाळपासून रात्री अकरापर्यंत नुसता अभ्यास, खेळाला जागाच नाही. पहिल्याच दिवशी ते मोडतं. ही कथा हाती घेऊन आपणही उपदेशच करणार असू, तर मुलं तो तशाच निमूटपणे ऐकतील आणि तसाच विसरतील.

दुसरी वाट शोधायला भोपाळकरांना लांब जायला नको. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे नेला. 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. त्यात मुलं आधी प्रयोग करत, काय दिसलं ते लिहीत, मग निष्कर्षाकडे वळत. परीक्षेतही पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. साहित्याच्या तासाला हीच शिस्त हवी, असं माझं ठाम मत आहे. आधी काय दिसलं ते सांग, कोणत्या ओळीत दिसलं ते दाखव, अर्थाचं नंतर बघू.

थोरला वहीवर, पुस्तकाच्या समासात कुत्री, मांजरं, पक्षी काढत बसतो, एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहितो. हा तपशील घाईत निसटून जातो. तिथे वर्गाला थांबवावं. इतका कडक मुलगा हे का करत असेल? मुलं बोलायला लागतात, कारण त्यांच्याही वह्यांचे समास रिकामे नसतात. मग शेवट. मलाही पतंग उडवावासा वाटतो, असं थोरला कबूल करतो. तेवढ्यात कटलेला पतंग डोक्यावरून जातो. उंच असल्याने तो उडी मारून लोंबती दोरी पकडतो आणि वसतिगृहाकडे धूम ठोकतो. धाकटा मागे धावतो. थोरल्याच्या मनात काय आलं, हे प्रेमचंद सांगत नाहीत. शिक्षकांनीही सांगू नये. कुणाला तो हरला असं वाटेल, कुणाला सुटला असं. या कथेत मोठा होतो तो धाकटा, असं मी मानतो, कारण दरडावणारा भाऊसुद्धा लहानच आहे हे त्याला दिसतं. पण हे माझं वाचन आहे. विद्यार्थ्याने ते पुस्तकातल्या ओळी दाखवून खोडलं तर त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. वर्गात कुणी नापास झालेलं असू शकतं. मध्य प्रदेशात अशा मुलांसाठी 2016 मध्ये राज्य मुक्त शाळेची 'रुक जाना नहीं' योजना सुरू झाली, म्हणजे हा प्रश्न किती घरांतला आहे ते उघड आहे. 'तुमचा अनुभव सांगा' असं चारचौघांत कधीच विचारू नये. लिहायला द्यावं, ते तपासू नये, आणि दाखवायचं की नाही हे मुलांवर सोडावं.

मराठी घरांनी एवढं आणखी करावं. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधली लंपन या मुलाची एखादी कथा मोठ्याने वाचावी. देवनागरी येते, मराठी कानावर असते, अडतं ते फक्त सवयीअभावी. लंपन स्वतःच्या मनातला गोंधळ स्वतःच्याच भाषेत सांगतो, कुणी त्याचं तात्पर्य काढत नाही. त्यानंतर दहावीचं पुस्तक पुन्हा उघडून थोरल्या भावाला बोलतं करावं. हीच कथा त्याने सांगितली असती तर कुठून सुरू केली असती, एवढाच प्रश्न गृहपाठाला पुरेल.