तसबीर आणि पंचवीस ओळी

फ्रान्समध्ये साहित्याच्या विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती एका पानावर. त्याच्या हातात एक उतारा देतात. कादंबरीतल्या वीस-पंचवीस ओळी, नाटकातला एखादा संवाद किंवा चौदा ओळींची कविता. तयारीला थोडा वेळ मिळतो. मग परीक्षकांसमोर बसायचं, उतारा मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि ओळीमागून ओळ घेत त्यात काय चाललंय ते उलगडून सांगायचं. लेखक कधी जन्मला, त्याचं जीवनविषयक तत्त्वज्ञान काय, थोर समीक्षकांनी त्याला कुठे बसवलं, याला इथे फारसा थारा नाही. हे वाक्य इथेच का संपलं, क्रियापदाचा काळ मध्येच का बदलला, सगळे ज्या बाईविषयी बोलताहेत ती स्वतः एकही शब्द का बोलत नाही, हे सांगावं लागतं. या प्रकाराला 'एक्स्प्लिकासिओं द तेक्स्त' म्हणतात. त्याची सुरुवात शाळेत होते, विद्यापीठात तो मुरतो आणि प्राध्यापकीच्या वाटेवरच्या आग्रेगासिओं या अवघड स्पर्धापरीक्षेतही तो चुकत नाही.

ही रीत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. १८८० पर्यंत फ्रान्समधल्या बाकालोरेआच्या, म्हणजे शालान्त, परीक्षेत मुलांना लॅटिनमध्ये भाषण रचावं लागे. अमुक प्रसंगी रोमन सेनापती काय बोलला असता, ते त्याच्या तोंडी घालून लिहायचं. फ्रेंच ग्रंथ समोर असत, पण ते वळण गिरवण्यासाठी, वक्तृत्व घोटवण्यासाठी. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून हार पत्करावी लागली, प्रजासत्ताक आलं आणि त्याने शिक्षणाची घडीच बदलायला घेतली. त्या पिढीत साहित्याच्या अभ्यासाला शिस्त लावणाऱ्यांमध्ये ग्युस्ताव्ह लाँसों हे नाव ठळक आहे. १८९४ साली आलेला त्यांचा फ्रेंच साहित्याचा इतिहास पुढे कित्येक पिढ्यांनी वापरला. त्यांचा आग्रह असा, की मुलांना बोलघेवडं करण्याआधी वाचायला शिकवा. पानावर आहे ते बघायला शिकवा, नाही ते त्यात घालू नका. १९०२ च्या सुधारणेनंतर लॅटिन न घेतलेल्या मुलांनाही बरोबरीचा दर्जा मिळाला. या सगळ्यामागे एक मोठी आशा होती. लॅटिन सहसा घरातून, परंपरेतून येतं. पण एका पानाकडे नीट लक्ष देणं कुणालाही शिकता येईल, दुकानदाराच्या मुलालाही आणि शेतकऱ्याच्याही.

ही आशा किती खरी ठरली त्याकडे मी येतोच. त्याआधी एक पान उघडून बघू.

मादाम द लाफायेत यांची 'ला प्रँसेस द क्लेव्ह' ही कादंबरी १६७८ साली पॅरिसमध्ये निघाली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. कथा घडते त्याच्या शंभरेक वर्षं आधीच्या राजदरबारात. नायिका विवाहित आहे, नवऱ्याचा आदर करते, आणि नमूर नावाच्या सरदारावर तिचा जीव जडलाय. दोघांनीही त्याची वाच्यता केलेली नाही. एके दुपारी तिच्या घरी मंडळी जमली आहेत. धाकट्या राणीसाहेबांना दरबारातल्या सुंदर स्त्रियांच्या छोट्या तसबिरी हव्या आहेत, म्हणून चित्रकार नायिकेची तसबीर पुरी करतो आहे. ताडून पाहायला नवऱ्याजवळची तिची जुनी तसबीर मागवली जाते. चित्रकार ती डबीतून काढतो, केसांपाशी जराशी दुरुस्ती करतो आणि टेबलावर ठेवून देतो. राणीसाहेब पलंगावर बसून नायिकेशी हलक्या आवाजात बोलताहेत. पलंगाचा पडदा अर्धाच ओढलेला. त्या फटीतून नायिकेला दिसतं, की नमूर टेबलाला पाठ लावून उभा आहे आणि मान न वळवता, सराईतपणे, टेबलावरून काहीतरी उचलतो आहे.

मूळ वाक्यात फ्रेंचचे दोन भूतकाळ शेजारी शेजारी उभे आहेत. 'तिनं पाहिलं' हे एका क्षणात घडून गेलेलं, संपलेलं. 'तो उचलत होता' हे अजून चालू असलेलं. मराठीत हा फरक जसाच्या तसा उतरतो, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला तो चटकन कळायला हवा. तरीही पहिल्या वाचनात तो हातून निसटतोच. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचताना ध्यानात येतं, की चोरी अजून पुरी झालेली नाही. हात अजून टेबलावर आहे. तिने त्याच क्षणी नुसतं नाव घेतलं असतं तरी तो हात मागे आला असता. ती गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यात ती त्या कृत्यात सामील होते. लेखिकेने याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. सगळं त्या एका काळाच्या निवडीत आहे.

पुढे येतं एक लांबलचक, वळणावळणाचं वाक्य. चारचौघांत तसबीर परत मागावी, तर सगळ्या दरबाराला कळेल. एकांतात मागावी, तर त्याला मन मोकळं करायची संधी आयतीच मिळेल. शेवटी ती ठरवते, की राहू दे. आणि एक उपकार आपण करतो आहोत, पण त्याला ते कळणारही नाही, याचा तिला आनंद होतो. लगेच नमूर जवळ येऊन हळूच सांगतो, की तुम्ही पाहिलं असेल तर न पाहिल्यासारखं राहावं एवढीच विनंती. म्हणजे त्याला कळलंय. तिने स्वतःसाठी बांधलेला आडोसा दोन वाक्यांत कोसळतो. पुढे नवरा ती तसबीर शोधू लागतो आणि थट्टेत बायकोला म्हणतो, की नक्कीच तुझा कुणी छुपा प्रियकर असणार, त्यालाच तू ती दिली असशील. तो मनापासून बोलत नाही, हे लेखिका मुद्दाम नोंदवते. वाचणाऱ्याच्या अंगावर मात्र काटा येतो.

मराठी वाचकाला इथे फाल्गुनराव आठवल्याशिवाय राहणार नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे नाटक लिहिलं आणि त्याचंच पुढे 'संगीत संशयकल्लोळ' झालं. भोवळ आलेली तरुणी, तिला सावरणारा नवरा, ते पाहणारी बायको, खाली पडलेली तसबीर, ती निरखत असताना नवऱ्याच्या दृष्टीस पडलेली तीच बायको. हा सारा सांगाडा मोलिएरच्या १६६० मधल्या 'स्गानारेल' या छोट्या प्रहसनाचा. देवलांपर्यंत तो आला आर्थर मर्फी या लेखकाच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकातून. मोलिएरने ते बारा अक्षरांच्या यमकबद्ध ओळींत लिहिलं होतं. वाटेत इंग्रजी गद्य आलं, मग मराठी गद्य, शेवटी मराठी पदं. नाट्यगृहात पिढ्यान्‌पिढ्या हसवणारी ती तसबीर आणि पलंगाच्या पडद्याआड चोरली जाणारी ही तसबीर यांच्यात मुळात अंतर अवघं अठरा वर्षांचं. दोन्ही एकाच शहरातल्या, एकाच राजाच्या अमदानीतल्या. प्रहसनात नवरा खोटं तेच खरं धरून बसतो. कादंबरीतला नवरा खरं तेच थट्टेवारी नेतो. दोघांच्या हातात वस्तू तीच. फ्रेंच साहित्याचा अभ्यास मराठी माणसाने का करावा, असं कुणी विचारलं तर मी त्याला या दोन तसबिरी शेजारी ठेवून दाखवीन. आपल्या रंगभूमीवरचं इतकं ओळखीचं हसू कुठल्या शांत, जीवघेण्या शक्यतेला पाठ लावून उभं आहे, ते मूळ भाषेत वाचल्यावरच दिसलं.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथे संध्याकाळच्या वर्गांना नोकरदार येतात, कॉलेजची मुलं येतात, निवृत्त माणसंही येतात. सर्टिफिकेट, डिप्लोमा असं करत थोडेच जण एम. ए. पर्यंत पोचतात. बहुतेकांचं फ्रेंच अकरावी-बारावीला मार्क देऊन जातं, काहींचं आयटी कंपनीत पगार वाढवून देतं. यात वाईट काही नाही. भाषा पोट भरते ही तिची थोरवीच आहे. खंत एवढीच, की साहित्य नेहमी 'पुढे बघू' म्हणून शेवटच्या वर्षावर ढकललं जातं, आणि त्या वर्षापर्यंत वर्गातली निम्मी माणसं निघून गेलेली असतात. जी टिकतात त्यांच्यापैकी कुणी कुणी काय करून दाखवतं! माधुरी पुरंदरे पॅरिसमध्ये फ्रेंच शिकल्या, पुण्यात त्यांनी ती शिकवली, आणि जाँ जिओनोची झाडं लावणाऱ्या माणसाची गोष्ट त्यांनी मराठीत आणली. ती आज आपल्या मुलांच्या हातात आहे.

परक्या भाषेच्या विद्यार्थ्याला सतत एक न्यूनगंड छळतो. पॅरिसच्या मुलाला हे सगळं जन्मतःच येत असणार, असं त्याला वाटतं. हा गैरसमज लवकर दूर झालेला बरा. ज्या भूतकाळात नायिकेने 'पाहिलं', तो काळ फ्रेंच माणसाच्या बोलण्यातून केव्हाच गेला आहे. घरात, बाजारात, फोनवर तो कुणी वापरत नाही. तो फक्त लेखनात जगतो, थोडाफार आपल्या 'तो रोज देवळात जाई' मधल्या 'जाई'सारखा. सतराव्या शतकातलं गद्य तर दूरच. साहित्याची फ्रेंच ही आज कुणाचीच घरची भाषा नाही. ती सगळ्यांनाच शिकावी लागते, आणि ती शिकताना कोण काय गमावतं हे प्रत्येकाच्या घरावर ठरतं.

आनी एर्नो यांनी ते लिहून ठेवलंय. नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात त्यांच्या आईवडिलांचं किराणा दुकान आणि त्याला लागून कॅफे होता. मुलगी शिकली, शिक्षिका झाली, लेखिका झाली आणि २०२२ मध्ये तिला नोबेल मिळालं. वडिलांवरचं त्यांचं 'ला प्लास' हे छोटं पुस्तक सुरू होतं ते शिक्षकपदासाठीच्या परीक्षेच्या प्रसंगाने. लियोंमधल्या एका शाळेत, निरीक्षकासमोर, बाल्झाकच्या 'ल पेर गोरिओ'मधल्या पंचवीस ओळींवर त्यांना पाठ द्यायचा होता. त्या पास झाल्या. बरोबर दोन महिन्यांनी वडील गेले. लाँसोंच्या पिढीने ज्या पानावर एवढी आशा ठेवली होती, ते पान इथे दाराचं काम करतं. मुलगी त्यातून आत गेली आणि बाप बाहेर राहिला. ज्यांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी होती, त्यांना हे समजावून सांगायला नको. शिक्षणाने आपल्याला आईशी बोलायची भाषा थोडी विसरायला लावली, हे दुःख मराठी साहित्यातही अनेक आत्मकथनांनी सोसलेलं आहे.

म्हणून कुणाला वाटेल, की हे दारच काढून टाकावं. फेब्रुवारी २००६ मध्ये निकोला सार्कोझी गृहमंत्री होते आणि राष्ट्राध्यक्षपदाची तयारी करत होते. लियोंमधल्या एका भाषणात त्यांनी सरकारी नोकरीच्या एका परीक्षेच्या अभ्यासक्रमावर टीका केली. त्यात 'ला प्रँसेस द क्लेव्ह' होती. खिडकीवर बसणाऱ्या कर्मचारी बाईला त्या कादंबरीबद्दल काय वाटतं, हे कुणी विचारलंय का, असा त्यांचा रोख होता. सभेत लोक हसले असतील. मला मात्र त्यातलं गृहीतक भयंकर वाटतं. खिडकीवरच्या बाईला पडद्याच्या फटीतून दिसणारं दृश्य कळणार नाही, गप्प राहण्याची किंमत तिला ठाऊक नसेल, हे परस्पर ठरवायचं कुणी? सार्कोझी राष्ट्राध्यक्ष असताना, २००९ च्या फेब्रुवारीत, विद्यापीठांच्या संपकाळात प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी पॅरिसमध्ये पाँतेऑँसमोर त्या कादंबरीचं जाहीर वाचन केलं. रांगा लावून माणसं एकेक उतारा वाचत होती. त्याच वर्षी पॅरिसच्या ग्रंथमेळ्यात आपण ही कादंबरी वाचतो असं सांगणारे बिल्ले लोक छातीवर लावून फिरले. तीन शतकांहून जुन्या कादंबरीच्या वाट्याला असं भाग्य क्वचितच येतं.

विद्यापीठातल्या समीक्षकांची भांडणं यापुढे मला लहान वाटतात. १९६५ मध्ये सोरबॉनचे रेमों पिकार आणि रोलाँ बार्थ यांच्यात रासीनच्या नाटकांवरून जुंपली. एक म्हणे पुरावा द्या, दुसरा म्हणे पुराव्याच्या नावाखाली तुम्ही वाचनच बंद केलंत. ते भांडण महत्त्वाचं होतं, आणि बार्थचं उत्तर आजही ताजं आहे. पण दोघंही पानावरच वाकलेले होते. पानाकडे पाठ फिरवा असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणालं नव्हतं.

'ला प्रँसेस द क्लेव्ह' निघाली त्याच वर्षी 'मेर्क्यूर गालाँ' या नियतकालिकाने वाचकांना एक प्रश्न विचारला. नायिका पुढे नवऱ्याजवळ कबूल करते, की माझं मन दुसऱ्या कुणाकडे ओढ घेतंय. सद्गुणी बायकोने नवऱ्याला असं सांगावं का? गावोगावहून पत्रं आली. बहुतेकांचं मत पडलं की सांगू नये. २०११ साली रेजी सोदेर यांनी मार्सेयच्या उत्तर भागातल्या दिदेरो शाळेतल्या मुलामुलींवर एक माहितीपट काढला. ही मुलं बाकालोरेआसाठी तीच कादंबरी वाचत होती. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईवडील किंवा आजीआजोबा बाहेरच्या देशांतून आलेले. कॅमेऱ्यासमोर ती कादंबरीतले उतारे म्हणतात आणि मग आपल्या आयुष्याकडे वळतात. प्रेम कुणाला सांगावं, घरी काय लपवावं, आईने दिलेला शब्द किती पाळावा, यावर ती बोलतात. काहींचे आईवडीलही बोलतात, आणि त्यांचं मत मुलांच्या मतापेक्षा बरंच वेगळं पडतं.