सोबतीचं भय

मराठवाड्यातल्या भुतांना एक खोड आहे. ती एकट्या माणसाला गाठतात. चकवा लागतो तो तिन्हीसांजेला रानातून एकट्यानं येणाऱ्याला, मुंजा मानगुटीवर बसतो तोही अवेळी पिंपळाखालून एकट्यानं जाणाऱ्याच्या. त्यामुळे घरच्या म्हाताऱ्यांचा उपाय ठरलेला: सोबत बघून निघ. चार माणसं बरोबर असली, बोलणं चालू असलं, की भूत वाटेला जात नाही. हिंगोलीत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत माणसं मेली ती सोबत मिळाली म्हणून.

हिंगोली तेव्हा निजामाच्या फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावं त्याच काळानं मागं ठेवली. या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत होता. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर या तरुण अधिकाऱ्यानं त्याच्याशी स्वतः देवघेव केली होती, इतर गोऱ्या अधिकाऱ्यांनीही केली होती. मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे एकदा या हरीसिंगानं अर्ज केला, मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना मिळावा. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालं होतं, पण त्याचा मालक दुसरा होता. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा तो व्यापारी मालाबरोबरच प्रवास करत होता. हरीसिंगानं त्याला मारलं, त्याचे नोकर मारले, बैल हाकणारे मारले आणि सरकारी परवान्यावर तो माल छावणीत आणून उघड विकला. कुणाला काही कळलं नाही. पकडला गेल्यावर त्यानंच ही गोष्ट सांगितली, आणि सांगताना त्याला तिची मोठी गंमत वाटत होती.

याहून अंगावर येणारा भाग पुढेच आहे. त्याच्या टोळीनं छावणीच्या बाजारातच अनेकांना संपवलं, मुख्य पहाऱ्यापासून 100 यार्डांच्या आत. प्रेतं पुरली ती पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम 500 यार्डांवर, नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओहोळात. हा ओहोळ एखाद्या चरीएवढा, शेजारच्या गावाला जाणाऱ्या वाहत्या रस्त्याला लागून होता. माफीचे साक्षीदार शांतपणे जागा दाखवत गेले, एकेका खड्ड्यात कित्येक देह निघत गेले, आणि शेवटी बघणाऱ्यांना किळस येऊन उकरणं थांबवावं लागलं. टेलर तिथं हजर होता.

हरीसिंग ठग होता, आणि वाटसरूंना गळा आवळून लुटणाऱ्या ठगांची सारी विद्या सोबत देण्याची होती. टोळीतले गोडबोले पुढे जाऊन धर्मशाळेत, पाणवठ्यावर ओळख काढत. वाट धोक्याची आहे, चोराचिलटांचं भय आहे, मिळून जाऊ, असं म्हणत. म्हणजे आपल्या आजीचाच सल्ला ते प्रवाशाला ऐकवत. चार-आठ दिवस एकत्र जेवणखाण, गप्पा, गाणी. मग एका मुक्कामावर ‘तमाखू आणा’ अशा साध्या शब्दांनी इशारा होई आणि रुमाल गळ्याभोवती पडे. रक्त नाही, आरडाओरडा नाही. प्रवासी महिनोन्‌महिने घराबाहेरच असायचा, त्यामुळे त्याची वाट पाहणंही उशिरा सुरू व्हायचं, आणि वाटेत दोन-तीन राज्यांच्या हद्दी लागत असल्यानं चौकशी कुणाकडे करायची हाच प्रश्न. 1810 साली बंगाल लष्करात तर हुकूमच निघाला की रजेवर गावी निघालेल्या शिपायांनी वाटेत अनोळखी लोकांची संगत धरू नये. लोककथेचा सल्ला सरकारी कागदावर उलटा झाला.

लोकांच्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट राहिली. भवानीनं रक्तबीजाला मारताना रक्त सांडू नये म्हणून आपल्या भक्तांना रुमाल दिला, कुदळ पवित्र केली, आणि तेव्हापासून ठग देवीसाठी बळी घेतात, ही ती गोष्ट. ती सांगितली कैदेतल्या ठगांनी. लिहून घेतली ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी. ती निव्वळ बनावट होती असं मी म्हणणार नाही. धंदा कोणताही असो, माणूस आपल्या हत्याराची पूजा करतोच. पण ज्याला फाशी टाळायची आहे त्याला ‘देवीनं करवलं’ म्हणणं सोयीचं होतं, आणि ज्याला नवं खातं उभारायचं आहे त्याला अघोरी पंथ सापडणं त्याहून सोयीचं. टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 साली निघाली आणि विलायतेत गाजली. हरीसिंगाची हकिकत त्यानं तिच्या प्रस्तावनेत दिली आहे. त्या हकिकतीत देवी नाही. परवाना आहे, कापड आहे, दुकान आहे आणि ओळखीचा माणूस आहे.

दंतकथा सत्याला फुगवते असं आपण धरून चालतो. इथं तिनं सत्य पातळ केलं. देवीच्या नावानं रानात गळा आवळणारा ठग भयंकर खरा, पण तो परका आहे, त्याच्यापासून लांब राहता येतं. ज्याच्याकडून काल धोतरजोडी घेतली त्याच्यापासून लांब कसं राहायचं? एवढं भय उशाशी घेऊन झोपता येत नाही, म्हणून गोष्ट त्याला वेशीबाहेर काढते, पिंपळावर किंवा डोंगरातल्या देवळात नेऊन ठेवते.

कायद्यानंही हेच केलं. 1836 च्या कायद्यानं विशिष्ट खून शाबीत होण्याची गरजच काढून टाकली. ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप. त्यानंतर 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि टोळीच्या जागी जन्म आला. पालं ठोकून फिरणाऱ्या कित्येक जमातींवर हजेरी लागली, बाहेरगावी जायला पास लागला. हरीसिंगाला मात्र पास मागताच मिळाला होता, कारण तो दुकानदार होता. 1871 च्या कायद्याची पुढची आवृत्ती 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाली, पण गावात चोरी झाली की वेशीबाहेरच्या पालांकडे आधी बोट दाखवण्याची सवय त्या तारखेला सुटली नाही.