नाव न विचारलेला

कडवे वाल सोलायला दोघींनीच बसायचं, असा आत्याचा दंडक आहे. एकटीला कंटाळा येतो आणि तिघी बसल्या की वाल तसेच राहतात. मी दिलेली व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी तिने तीन दिवसांत संपवली होती. तीस वर्षं मनोरुग्णालयात नर्स होती ती, त्यामुळे बोलणार हे ठरलेलंच.

“तुझी ती क्लॅरिसा मला नाही पटली.”

“का गं? युद्धातून मन मोडून परतलेल्या सेप्टिमसला समजून घेणारी तीच तर एकटी.”

“भेटली कुठे ती त्याला? जून 1923 मधला एकच दिवस. सकाळी ही फुलं आणायला जाते, तोही त्याच रस्त्यावर असतो, मोटारीचा धडाका दोघांच्या कानांवर पडतो. झाली ओळख! रात्री हिच्या पार्टीत त्याच्या डॉक्टरांची बायको उशिराचं कारण सांगते, की एका तरुणाने जीव दिला, सैन्यात होता. तर हिला आधी वाटतं काय, की माझ्या पार्टीत मरण कशाला आणलं!”

“ते आधी. मग ती एकटीच आतल्या खोलीत जाते, त्याचं पडणं स्वतःच्या अंगावर झेलते...”

“आणि त्याने ते केलं म्हणून तिला बरं वाटतं. तिथे मी पुस्तक मिटून चहा टाकला.”

मी म्हटलं, “व्हर्जिनिया वुल्फने 1928 च्या प्रस्तावनेत सांगितलंय, की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच. क्लॅरिसाच मरणार होती.”

आत्याचा हात थांबला. “म्हणजे हिच्या वाटचं मरण त्याच्या माथी मारलं. हीच गंमत आहे त्या सगळ्या समाजाची. लढायचं कोणी, मरायचं कोणी, आणि अर्थ लावत बसायचं कोणी!”

“पण नाव-गाव माहीत नसलेल्यासाठी जीव तुटणं खोटंच असतं का? वेस्टमिन्स्टर ॲबीत 11 नोव्हेंबर 1920 ला अनाम सैनिकाला पुरलं. नाव नव्हतं म्हणूनच ज्यांची पोरं परत आली नाहीत, त्यांना तो आपला वाटला. कादंबरीतही क्लॅरिसाच्या मुलीची शिक्षिका मिस किल्मन ॲबीत बसलेली असताना लोक त्या थडग्याजवळून पुढे सरकत असतात. क्लॅरिसा राहते त्याच भागात.”

“अनाम मेलेला सोयीचा असतो, बाळा. तो रात्री किंचाळत नाही, पेन्शन मागत नाही. जिवंत सेप्टिमसला काय मिळालं? डॉक्टर सर विल्यमकडचा पाऊण तास, आणि तोल सुटलाय असा शेरा. त्याची बायको रेझिया बघ. टोपी करत बसलेत दोघं, मिसेस पीटर्ससाठी. फुलं-फिती तो जुळवतो, टाके ती घालते. कितीतरी दिवसांनी तो हसतो. तेवढ्यात दुसरा डॉक्टर, होम्स, जिना चढतो. रेझिया वाट अडवते, तो तिला बाजूला सारतो. सेप्टिमसने उडी घेतल्यावर वर भित्रा म्हणून ओरडतो! त्या टोपीचं पुढे काय झालं, हे क्लॅरिसाला कुठे ठाऊक? ठाऊक असतं, तर बरं वाटलं असतं का?”

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी वाकडं विचारलं, “तुझ्या वॉर्डात असा कोणी होता?”

“होता. मिलिटरीतूनच आलेला. बावीस नंबर.”

“नाव?”

ती वाल चिमटीत धरून बसली. साल निघालं, दाणा पातेल्यात पडला नाही.

“आम्ही बावीस नंबरच म्हणायचो. त्याच्या आईचा डबा आठवतो, ॲल्युमिनियमचा, झाकणाला सुतळी. नाव... केसपेपरवर होतं की.”

मग मीच बोलले, आवाज जरा उतरवून. “तुला तो डबा आठवतो. क्लॅरिसाजवळ तर तेवढंही नाही. तरी ती खिडकीपाशी उभी राहते. बाकीचे पाहुणे राहतात का? तिचा नवरा रिचर्ड आणि सर विल्यम एका विधेयकाबद्दल बोलतात, शेल शॉकची, म्हणजे लढाईने मन खचलेल्यांची, तरतूद त्यात हवी म्हणून.”

“तरतूद हवीच होती. त्यावर नाही हसायचं.” आत्या एकदम नर्सच्या सुरात म्हणाली. “खिडकीत उभं राहून कोणाच्या गोळ्या येत नाहीत.”

“आणि तरतुदीत टोपी येत नाही.”

“नाही येत,” ती म्हणाली. सालांचा ढीग तिने कागदावर ओढला. “पण खिडकीतून ही पुन्हा पाहुण्यांत जातेच ना?”

“जाते.”

“जाणारच. तो बावीस नंबर गेला, त्या दिवशी ड्यूटी संपवून मीही घरी येऊन कुकर लावला होता. तुझा बाबा जेवायला थांबला होता.”